पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

पहाटे भोपाळच्या मोठ्या तलावावरून गार वारा येतो, डोकं स्वच्छ असतं; किचकट काम मी त्याच वेळी काढतो. गेला आठवडाभर इथल्या मराठी मंडळींच्या कवितांचा संग्रह एक्सएमएलमध्ये बसवतो आहे. टॅगसुद्धा मराठीच ठेवले: <कविता>, <कवी>, <कडवे>. एक्सएमएलला देवनागरी नावं चालतात. पण काल फाइल उघडेचना. तपासणीत तक्रार आली, 212व्या ओळीवर उघडणारा आणि बंद करणारा टॅग जुळत नाहीत.

ती ओळ चारदा वाचली. कंस पूर्ण, तिरपी रेघ जागेवर. अखेर अक्षरं मोठी केली तेव्हा दिसलं: उघडताना <कवी>, मिटताना </कवि>. युनिकोडच्या तक्त्यात पहिली आणि दुसरी वेलांटी अगदी शेजारी बसतात, पण यंत्राच्या लेखी ती दोन निराळी अक्षरं.

उघडणारे टॅग मी आखून दिले होते, बंद करणारे भाचीनं टंकले. "मामा, शाळेत तर असंच शिकवलं," ती म्हणाली. खरंच आहे. हिंदीत कवि ऱ्हस्व. मराठीत 1962च्या लेखननियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, म्हणून कवी. भोपाळमध्ये वाढलेल्या मराठी मुलांच्या बोटांत दोन्ही सवयी एकत्र नांदतात. तिचा शब्द शुद्ध, माझाही शुद्ध. जोडी मात्र चुकली.

दुरुस्ती सोपी वाटली आणि तिथेच मी घसरणार होतो. सगळीकडे 'कवि'चं 'कवी' करून टाकावं, असं मनात आलं. तसं केलं असतं तर प्रत्येक 'कविता'ची 'कवीता' झाली असती, 'कविमन'ही बिघडलं असतं. म्हणून कंस आणि तिरपी रेघ धरून फक्त </कवि> एवढंच शोधलं आणि बदललं. आधी फाइलची प्रत काढून ठेवली. मग पुन्हा तपासणी. दर वेळी पहिलीच तक्रार सोडवावी, खालच्या बऱ्याच तक्रारी तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. बंद करणारा टॅग मुळातच राहून गेला असेल, तर बोंब कितीतरी खाली उठते आणि खोट वर असते.

एक्सएमएलचं प्रमाण 10 फेब्रुवारी 1998 रोजी प्रसिद्ध झालं. टॅग जुळले नाहीत तर वाचणाऱ्या आज्ञावलीनं तिथेच थांबावं, हे त्यात सांगितलेलं आहे. एचटीएमएल वाचणारे ब्राउझर अंदाजानं पान सावरून घेतात. मला एक्सएमएलचा हट्ट पटतो. कवीचं नाव कुठे संपलं आणि कविता कुठे सुरू झाली हे अंदाजावर सोडलं, तर एकाची ओळ दुसऱ्याच्या नावाला चिकटेल आणि कुणाला कळणारही नाही. ज्यानं ती ओळ लिहिली त्याच्यावर तो अन्याय आहे.

इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूरला कुणी असं काम हाती घेत असाल, तर टॅगांची यादी वेलांट्यांसकट कागदावर लिहून टंकणाऱ्याच्या समोर ठेवा. दोघं मिळून एकदा मोठ्यानं वाचा, ऱ्हस्व-दीर्घ म्हणत. आम्ही ते आज सकाळी केलं.