वाढा, पण भात

पाठ सैल सोडून बसा. मावळातल्या वडिवळ्याच्या धरणाकाठी असाल तर उत्तम, नसाल तर घरीच पाटावर. हात मांडीवर ठेवा. श्वास आपला आपण येऊ द्या.

आता आवंढा गिळा. तो घशातून छातीमागे कसा उतरतो, लक्ष देऊन पाहा. याच वाटेत घास अडतो. चपाती पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलावी लागते. पंगत उठते, तरी आपलं ताट अर्धंच असतं. पुढे कधीतरी दुर्बिणीने तपासणी होते, अन्ननलिकेतून बारीक तुकडा काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली एका दृष्टिक्षेत्रात १५ किंवा त्याहून जास्त इओसिनोफिल पेशी दिसतात आणि त्रासाला नाव मिळतं : इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस.

एरवी या पेशी जंतांशी लढतात. इथे त्या दुधातल्या, गव्हातल्या प्रथिनांवर धावून जातात. राग येत असेल तर येऊ द्या. मग सावकाश श्वास सोडा आणि मनाशी म्हणा : हे शरीर माझं वैरी नाही. ते माझीच राखण करतंय, ओळखायला तेवढं चुकतंय.

आता ताट डोळ्यांसमोर आणा. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली काय काय बाजूला ठेवतात, ते एकेक आठवा : दूध, गहू, अंडी, सोयाबीन, शेंगदाणे व सुकामेवा, मासे. पुढे एकेक पदार्थ परत आणून पाहायचा आणि पुन्हा तपासायचं. बरं वाटणं आणि आतली सूज उतरणं एकच नसतं, म्हणून घाई नको. बहुतेकदा दोष दुधाचा निघतो. चहा, दही, तूप, पेढा, एकेकावर थोडं थांबा. वाईट वाटेल. वाटू द्या.

मग उरलेल्याकडे वळा. मावळ हा भाताचा मुलूख. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी इथे घरोघरी शिजतो. मऊ, किंचित चिकट, वासाचा. त्यातला एक लहान घास मनाने घ्या. चावा. आणखी चावा. खाली उतरेपर्यंत दुसऱ्या घासाला हात लावू नका.

शेवटी ते माणूस आठवा, जे आग्रह करतं. आजी, मावशी, कीर्तनानंतर हातावर पेढा ठेवणारे काका. नाकारताना अपराधी वाटतं, कारण आपल्याकडे माया ताटातूनच येते. पण पेढा कपाळाला लावून शेजारच्या मुलाच्या हातावर ठेवला, तरी प्रसाद घेतलेलाच असतो. पदार्थ परत जातो, माया आपल्याकडे राहते. एवढं मनात पक्कं होईपर्यंत बसून राहा.

मग उठा, जेवायला बसा आणि मान खाली न घालता सांगा : “आजी, मला दूध चालत नाही. भात मात्र अजून वाढ.”