मावशी म्हटल्यावर

भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीवर, एका घराच्या सोप्यात बसून मी ३०० रुपयांना एक पितळी अडकित्ता घेतला. अकरा दिवसांनी तो बंगळुरूच्या एका गिऱ्हाइकाला ४,२०० रुपयांना विकला. या व्यवहारात मी एकही खोटं वाक्य बोललो नाही. वजनात मारलं नाही, घासाघीस केली नाही, ठरलेले पैसे जागेवर मोजून दिले. तरीही वर्ष होत आलं, तो अडकित्ता डोक्यातून जात नाही. खोटं न बोलताही माणूस कुणाला फसवू शकतो का, असा साधा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला वाटलं होतं तितकं साधं निघालं नाही.

मी गारगोटीचा. इंजिनिअरिंग करून २०१८ मध्ये पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो तो घरीच राहिलो. आता महिन्यातून एकदा पुण्याला जातो. घरात आई-वडील, बायको आणि अडीच वर्षांची मुलगी. जुन्या वस्तूंचा नाद लागला तो पुण्यातच, राजा दिनकर केळकर संग्रहालयात. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, भांडी, वाद्यं, दारं-खिडक्या गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं त्यांचं संग्रहालय केलं. १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. तिथले अडकित्ते बघताना मला आजोबांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता आठवला. मोराच्या आकाराचा होता. तो आम्ही मोडीत घातला होता, एका जुन्या पातेल्याबरोबर, किलोच्या भावानं.

धंदा सुरू झाला घरातल्याच एका फिरकीच्या तांब्यापासून. बायको गमतीनं म्हणाली, फोटो टाकून बघा. दोन दिवसांत विकला गेला. मग शनिवारी मोटारसायकल काढून वाड्या-वस्त्यांवर फिरायला लागलो. पितळी डबे, चिनी मातीच्या बरण्या, कंदील, धान्य मोजायची मापं, लंबकाची घड्याळं, बंद पडलेले रेडिओ. रात्री मुलगी झोपली की पुसायचं, फोटो काढायचे, खोक्यात पेंढा भरून बांधायचं. आई वैतागायची, "घर हाय का भंगाराचं दुकान?" बायको चिकटपट्टी कापून द्यायची. महिन्याला दहा-बारा हजार सुटायचे. त्यातले निम्मे मुलीच्या सुकन्या समृद्धीच्या खात्यात जायचे. म्हणजे हा नुसता छंद नव्हता, आणि हावही नव्हती, असं मी स्वतःला सांगत होतो.

तर तो अडकित्ता. वाडीवरच्या त्या बाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा इचलकरंजीला, मुलगी कागलकडं दिलेली. मी दारात उभा राहून म्हटलं, "मावशी, पाणी मिळंल का?" पाणी मिळालं, मग चहा मिळाला, मग कुणाचा कोण ते निघालं. माझ्या आईच्या माहेरचं कुणी तरी त्यांच्या ओळखीचं होतं. कोनाड्यात अडकित्ता दिसला. घोड्याची मान कोरलेली, डोळ्याच्या जागी बारीक खळगा. किंमत साधारण किती येईल हे मला त्याच क्षणी कळलं. मी विचारलं, "हे देणार काय?" त्या म्हणाल्या, "आता सुपारी खायाला दात कुठं हाईत? ने की." पैशाचं विचारलं तर म्हणाल्या, "तुला काय वाटंल ते दे. तू काय मला बुडवणार हैस व्हय?"

मी तीनशे दिले. निघताना त्यांनी आईसाठी मूठभर वाल बांधून दिले.

आता माझ्या बाजूनं जेवढं बोलता येईल तेवढं आधी बोलून घेतो. मोडवाल्याकडं त्या अडकित्त्याचे शंभर रुपयेही आले नसते, आणि पातं लोखंडी म्हणून त्यानं वजनही कापलं असतं. मी तिप्पट दिले. शिवाय वस्तू वितळण्यापासून वाचली. बंगळुरूचा तो गिऱ्हाईक त्या कोनाड्यापर्यंत कधीही पोचला नसता. त्याला आणि त्या कोनाड्याला जोडणारा मी. पेट्रोल, वेळ, फोटो, पॅकिंग, कुरिअर, फुटलं-तुटलं तर परत घेण्याची जोखीम, सगळं माझं. चार शनिवार हिंडल्यावर एक शनिवार असं काही हाती लागतं. बाकीच्या तीन शनिवारांचा खर्च त्यातूनच निघायचा. हे सगळं खरं आहे, आजही मी ते मागं घेत नाही.

इंजिनिअरच्या सवयीनं मी एका रात्री हे आकडे मांडले. खर्च वजा केला. स्वतःच्या तासांना बऱ्यापैकी मजुरी लावली. जोखमीचे वेगळे धरले. तरी दोन हजारांच्या आसपास रक्कम उरली. ती कुठल्याच रकान्यात बसेना. ती मला कशाबद्दल मिळाली होती? कष्टाबद्दल नाही, जोखमीबद्दल नाही. ती मिळाली होती सोप्यात बसलेलो असताना अर्धा मिनिट गप्प राहिल्याबद्दल.

गप्प राहणं गुन्हा आहे का, म्हणून मी कायदा वाचला. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचं सतरावं कलम म्हणतं की नुसतं मौन म्हणजे कपट नव्हे. बोलणं हे त्या परिस्थितीत कर्तव्यच असेल, किंवा मौन हेच बोलल्यासारखं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. पुढं दाखले दिले आहेत, ते वाचताना मी थबकलो. एक माणूस लिलावात खोड असलेला घोडा विकतो आणि काही बोलत नाही. हे कपट नाही. दोन व्यापारी करार करतात, एकाला भाव बदलल्याची खाजगी बातमी आहे. त्यानं ती सांगितलीच पाहिजे असं नाही. इथपर्यंत मी सुटलो होतो. पण मधले दोन दाखले वेगळे आहेत. घोडा घेणारी त्या माणसाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळं सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला की तू नाही म्हटलं नाहीस तर मी घोडा चांगला समजतो, तर तिथं गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

"तू काय मला बुडवणार हैस व्हय?" मी त्यावर हसलो होतो. नुसतं हसलो होतो.

या दाखल्यांवरून कुठलं न्यायालय मला दोषी धरेल असं नाही. ओळखीच्या वकिलाला विचारलं तर तोही हसला. पण दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही एक गोष्ट मान्य करावी लागली होती. किती बोलायचं हे व्यवहारावरून ठरत नाही, समोरचा माणूस आपला कोण लागतो यावरून ठरतं.

याहून जुना एक दाखला रोमचा आहे. सिसेरोनं इ.स.पू. ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात स्केव्होला नावाच्या माणसाची गोष्ट येते. त्याला एक जमीन घ्यायची होती. त्यानं मालकाला एकच ठाम किंमत सांगायला सांगितलं. मालकानं सांगितली. स्केव्होला म्हणाला, माझ्या मते जमिनीची किंमत याहून जास्त आहे, आणि वर एक लाख नाणी घातली. सिसेरो सांगतो, हे सज्जनाचं वागणं आहे हे कुणी नाकारत नाही, पण शहाण्याचं नाही असं लोक म्हणतात. सज्जन वेगळा आणि शहाणा वेगळा ही वाटणीच त्याला घातक वाटते. आपल्याकडं या वाटणीला एक शब्दच आहे, व्यवहारशून्य. भल्या माणसाला हा शब्द किती सहज चिकटवतो आपण. मी अडकित्त्याचे चार हजार सांगितले असते तर मित्रांनी मला तेच म्हटलं असतं.

माझी अडचण मात्र स्केव्होलापेक्षा वेगळ्या जागी आहे. त्याचा मालक जमिनीचा मालक होता, किंमत सांगायला बसला होता. आमच्या लहानपणी दारावर बोहारीण यायची. तिच्या आणि आईच्या व्यवहारात मला कधी काही चुकल्यासारखं वाटलं नाही. बोहारीण साडी उजेडाकडं धरून विरलेली जागा शोधायची. आई पातेलं टिचकी मारून बघायची, बुड दाबून बघायची. तासभर हुज्जत चालायची, एकदा बोहारीण उठून फाटकापर्यंत जायची, परत यायची. दोघी एकमेकींना पुरून उरणाऱ्या. कोण कशासाठी आलंय हे दोघींना ठाऊक. तिथं कुणी कुणावर विसंबून नव्हतं, म्हणून कुणी कुणाला फसवूही शकत नव्हतं.

मी व्यापारी म्हणून त्या दारात गेलोच नव्हतो. व्यापारी म्हणून गेलो असतो तर बाईंनी शेजारणीला हाक मारली असती, मुलाला फोन लावला असता, निदान दोनदा नाही म्हटलं असतं. मी "मावशी" म्हणून आत गेलो. त्या एका शब्दानं मला चहा मिळाला, कोनाडा दिसला आणि घासाघीस टळली. आमच्याकडं कुठल्याही बाईला मावशी, काकी म्हणतातच, त्यात विशेष काय, असं म्हणता येईल. पण त्यांनी तो शब्द खरा धरला, वाल बांधून दिले. मी त्याचा फायदा घेतला आणि किंमत ठरायची वेळ आली तेव्हा आतल्या आत परत व्यापारी झालो. आत जाताना भाचा आणि पैसे मोजताना दुकानदार. माझी चूक इथं आहे, तीनशेच्या आकड्यात नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती जास्त लाजिरवाणी. बंगळुरूच्या गिऱ्हाइकाशी मी अतिशय प्रामाणिक वागलो होतो. बरेच विक्रेते बेधडक "शंभर वर्षं जुना" असं लिहितात. खरं तर शंभर वर्षं झालेली कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तूत मोडते, तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती परदेशी पाठवता येत नाही. मी तसं काही लिहिलं नाही. वय नक्की सांगता येत नाही, खिळा नंतर बसवलेला आहे, पात्याला एका जागी खाच आहे, सगळं फोटोसकट कळवलं. का? कारण तो वस्तू परत पाठवू शकत होता. चार ओळी लिहून माझं नाव घालवू शकत होता. वाडीवरच्या बाई यातलं काहीच करू शकत नव्हत्या. म्हणजे माझा प्रामाणिकपणा ज्याच्या हातात काही होतं त्याच्यापुरताच होता.

पार्सल गेलं त्या रात्री बायकोनं विचारलं होतं, "त्यांना किती दिले तुम्ही?" मी म्हटलं, "ठरले तेवढे." हेही खोटं नव्हतं. तिनं पुढं काही विचारलं नाही, चिकटपट्टी उचलून जागेवर ठेवली. पण त्यानंतर चिकटपट्टी कापून द्यायला ती फारशी आली नाही.

दोन महिन्यांनी मी परत त्या वाडीवर गेलो. दोन हजार रुपये पाकिटात घालून. बाईंना सगळं सांगितलं, कितीला विकला तेही. मला वाटलं होतं, एक तर त्या चिडतील, नाही तर आशीर्वाद देतील. त्यांनी पाकीट हातातही घेतलं नाही लगेच. म्हणाल्या, "मग तवाच का न्हाई बोललास?" मी गप्प. मग म्हणाल्या, "माझ्या सासूचा होता त्यो. एवढा किमतीचा म्हाईत असता तर लेकीला दिला असता."

माझा सगळा हिशोब या वाक्यानं कोसळला. मी समजत होतो की मी त्यांचे पैसे ठेवून घेतले, म्हणजे परत केले की फिटलं. पण माझ्या मौनानं किंमतच तेवढी दडवली नव्हती. विकायचं की ठेवायचं हे ठरवण्याची त्यांची संधीच काढून घेतली होती. जी वस्तू त्यांनी अडगळ म्हणून दिली ती त्यांच्या लेकीचा वाटा होती, आणि हे त्यांना कळू नये यात माझा फायदा होता. बंगळुरूला मेसेज केला, अडकित्ता परत मिळेल का. त्यांनी नम्रपणे नाही कळवलं. त्यांचं काहीच चुकलं नाही.

पाकीट शेवटी त्यांनी घेतलं, मुलगी आली की देते म्हणाल्या. चहा मात्र त्या दिवशी झाला नाही.

धंदा मी बंद केलेला नाही. आता दारातच सांगतो की मी जुन्या वस्तू घेऊन शहरात विकतो. अशी वस्तू कितीपर्यंत जाते, त्यात माझा खर्च किती, मी काय देऊ शकतो, हेही. फोनवर तशाच वस्तूंचे भाव दाखवतो. निम्म्या घरांतून रिकाम्या हातानं परत येतो. महिन्याचे दहा-बारा हजार आता चार-पाचांवर आले आहेत आणि मुलीच्या खात्यात त्याच प्रमाणात कमी जातं. मुलीच्या तोंडचं मी दुसऱ्याच्या मुलीसाठी काढतोय का, असंही कधी कधी मनात येतं. त्याचं चोख उत्तर माझ्याजवळ नाही. पण तिच्या खात्यातले काही पैसे दुसऱ्या एका लेकीचे होते, हे आता मला माहीत आहे.

गेल्या शनिवारी एका घरात छान कंदील होता. आजोबांना भाव सांगितला. त्यांनी कंदील खुंटीवरून काढला, उलटा-सुलटा करून बघितला, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि परत खुंटीला अडकवला. "ऱ्हाऊ दे मग," म्हणाले. मला राग आला, खोटं कशाला सांगू. साठ किलोमीटरचं पेट्रोल गेलं होतं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय मिळालं?" म्हटलं, काही नाही, आणि का नाही तेही सांगितलं. ती म्हणाली, हातपाय धुवा, वाढते.