फुप्फुसाच्या माथ्याशी

बसा. मांडी घालूनच बसायला हवं असं नाही, पाठ टेकलेली चालेल. मान जिथे खांद्याला मिळते तिथून थोडं पुढे एक आडवं हाड बोटांना लागतं. तिथे तळवा ठेवा. श्वास जसा चालला आहे तसाच चालू द्या. लांबवू नका, रोखून धरू नका.

हाताखाली फुप्फुसाचा माथा आहे. तो या हाडाच्याही जरा वर पोहोचतो. मोठ्या माणसांचा क्षय बहुतेकदा इथेच बस्तान मांडतो. आपण उभे असतो तेव्हा रक्त फुप्फुसाच्या खालच्या भागाकडे अधिक जातं. माथ्याशी रक्ताच्या मानाने हवा भरपूर, म्हणून प्राणवायू उरतो, आणि क्षयाच्या जंतूला तो मानवतो.

आता पुढच्या श्वासामागून मनाने आत जा. नाक, घसा, श्वासनलिका. नलिकेला फाटे, फाट्यांना फाटे, असं वीस-बावीस वेळा. शेवटी वायुकोश, कोट्यवधी. इथे थांबा. यांच्या भिंतीच्या अलीकडे बाहेरचं जग आहे, पलीकडे तुमचं रक्त. मध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढंही अंतर नाही.

याच वाटेने जंतू येतो. रुग्ण खोकतो, तुषारांतलं पाणी सुकतं, आणि उरलेले सूक्ष्म कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. वायुकोशात पोहोचलेल्या जंतूला भक्षक पेशी गिळते. गिळते, पण तो पचत नाही. त्याचं मेणचट कवच आणि त्याच्या युक्त्या अशा, की तो त्या पेशीतच राहू लागतो. मग आणखी पेशी धावून येतात, त्याला चहूबाजूंनी वेढतात आणि एक बारीक गाठ तयार होते. दहांतल्या नऊ माणसांची गोष्ट इथेच संपते. जंतू गाठीत, माणूस कामात, आणि दोघं आयुष्यभर एकमेकांना त्रास देत नाहीत.

उरलेल्या दहाव्याचं काय होतं, यावर सावकाश विचार करू. मधुमेह, कुपोषण, तंबाखूचा धूर, दगडखाणीतली धूळ, एचआयव्ही, कधी नुसतं वय. वेढा सैल पडतो आणि जंतू वाढू लागतात. शरीर त्यांना ओळखत असतं, म्हणून त्याचा प्रतिकारही जोरकस होतो. गाठीचा मधला भाग मरतो आणि कुस्करलेल्या पनीरसारखा दिसू लागतो. पुढे तो पातळ होतो. धावून आलेल्या पेशी जी विकरं सोडतात, ती फुप्फुसाला आकार देणारे कोलॅजेनचे धागेच विरघळवतात. गाठ शेजारच्या श्वासनलिकेत फुटते, आतला ऐवज खोकल्यावाटे बाहेर पडतो आणि मागे उरते पोकळी. तिच्यात हवा खेळते, औषध नीट पोहोचत नाही, जंतू अगणित होतात. भिंतीतली एखादी रक्तवाहिनी झिजून फुटली की बेडक्यात रक्त दिसतं.

म्हणजे पोखरण्याचं बरंचसं काम जंतूने स्वतः केलेलं नसतं. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णांच्या छातीच्या फोटोत अशा पोकळ्या कमी आढळतात. (त्यांचा आजार सौम्य असतो असं मात्र नाही; तो इतर अवयवांत पसरतो.) यावरून ‘माणूसच स्वतःचा वैरी’ असं काहीतरी तात्पर्य काढायचा मोह होईल. काढू नका. याच प्रतिकाराने नऊजणांना वाचवलं आहे.

पुन्हा श्वासाकडे या. काही दुखतं आहे का? फुप्फुसाला आतून वेदना कळत नाही, कळते ती त्याच्या आवरणाला. हा जंतू दुप्पट व्हायला जवळजवळ दिवस घेतो. कितीतरी जंतूंना अर्धा तासही लागत नाही. त्यामुळे हा आजार आठवड्यांच्या चालीने येतो. संध्याकाळी अंगात कसर, रात्री घाम, सैल होत गेलेले कपडे. धाप उशिरा लागते, कारण फुप्फुसाची शिल्लक मोठी असते.

रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जंतू जाहीर केला. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. कारण जगाला ठाऊक होतं, औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडलं.

आज नेहमीच्या क्षयावर सहा महिन्यांच्या गोळ्या आहेत. काही आठवड्यांतच भूक परत येते, खोकला हटतो, आणि गोळ्या सोडाव्याशा वाटतात. पण सुस्त पडलेले जंतू अजून आत असतात. उरलेले महिने त्यांच्यासाठी आहेत. जंतू गेले तरी जागा पूर्ववत होत नाही. तिथे चिवट तंतू भरतात, फुप्फुस आकसतं, नलिका ताणून रुंदावतात, जुन्या पोकळीत कधी बुरशीचा गोळा वाढतो. बेडका स्वच्छ आला की आपण माणसाला बरा म्हणतो. मला हे अपुरं वाटतं. जिना चढताना त्याला धाप लागते का, हेही विचारायला हवं, आणि उपचार संपल्यावर श्वासाची क्षमता मोजायला हवी.

हात खाली घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तुमचा किंवा घरातल्या कुणाचा, तर बेडका तपासून घ्या. सकाळी चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि छातीच्या तळातून खोकून बेडका काढा. तोंडातली थुंकी उपयोगाची नाही. नमुना देताना उघड्या हवेत उभे राहा. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.