परीक्षेत न येणारा सवाल

बी.एड.च्या परीक्षेत मी पाउलो फ्रेअरी यांच्या ‘बँकिंग’ शिक्षणकल्पनेवर टीप लिहिली होती. शिक्षक माहिती जमा करतो, विद्यार्थी ती निमूट साठवतो. हे खरे शिक्षण नव्हे, असे फ्रेअरी सांगत. ती टीप मी घोकून लिहिली. गुणही चांगले मिळाले!

फ्रेअरी ब्राझीलचे. १९६३ मध्ये आंजिकोस गावी त्यांच्या पद्धतीने सुमारे ३०० कष्टकऱ्यांना ४० तासांत लिहायला-वाचायला शिकवले गेले. शब्द त्यांच्याच रोजच्या जगण्यातले होते. त्यावर चर्चा होई. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. फ्रेअरींना आधी तुरुंग, मग देशत्याग पत्करावा लागला. अक्षरे ओळखणारा मजूर आपल्या हालाचे कारण विचारू लागतो, याची सत्तेला धास्ती वाटते.

ही धास्ती मलाही ठाऊक आहे. सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, आपल्या गावात उर्दू शाळा सातवीपर्यंतच का? पुढे मी कुठे जाऊ?” मी म्हणालो, “बेटा, हे परीक्षेत येणार नाही. धड्याकडे बघ.” ती पुढे कुठल्याच शाळेत गेली नाही.

आपण ‘इल्म’ हा शब्द अदबीने उच्चारतो. ‘सवाल’ मात्र उद्धटपणात जमा करतो. चिकित्सक शिक्षणाचे भवितव्य अभ्यासक्रमातल्या एका टिपेवर ठरणार नाही. मुलांचा सवाल शिक्षक स्वतःचा मानतो की नाही, यावर ते ठरेल.

त्या मुलीच्या सवालाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पण “चल, पालकसभेत आपण दोघे मिळून विचारू,” एवढे तरी म्हणता आले असते.