परमुलखातला विश्वास

मंडळीपासून दूर, पवित्र शास्त्र हाती नसता, सणांचे दिवसही ठाऊक नसता मनुष्याचा विश्वास टिकतो काय? हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. आपल्या निर्णा-हुमनाबाद भागातील कितीतरी तरुण पोटासाठी हैदराबाद, पुणे, मुंबई गाठतात. ते वर्षभर उपासनेला दिसले नाहीत की आपण सहज म्हणतो, “तो गेला!” असे म्हणण्यापूर्वी पाचशे वर्षांमागे आपल्याच बीदरमध्ये राहून गेलेल्या एका रशियन ख्रिस्ती व्यापाऱ्याची आठवण करणे हितकारक होईल.

अफनासी निकितीन हा त्वेर नगराचा रहिवासी. वाटेत अस्त्राखानजवळ तो लुटला गेला व त्याची धर्मपुस्तके गेली. १४७० च्या सुमारास एक घोडा विक्रीस घेऊन तो चौल बंदरात उतरला. जुन्नरच्या खानाने तो घोडा हिसकावला. मुसलमान झालास तर घोडा व हजार मोहरा मिळतील, नाहीतर घोडाही गेला आणि वर हजार मोहरा दंड, असे बजावून त्याने चार दिवसांची मुदत दिली. निकितीन बधला नाही. खोरासानचा महंमद नावाचा गृहस्थ मध्ये पडला आणि त्याच्या रदबदलीने घोडा परत मिळाला. ख्रिस्ती माणसाच्या विश्वासासाठी शब्द टाकणारा मुसलमान होता, हे आपण विसरू नये.

तेथून तो बहामनी राजधानी बीदरला आला. जवळ पुस्तके नसल्याने पुनरुत्थानाचा सण कोणत्या दिवशी पडतो हे त्याला कळेना. तो अंदाजाने धरी. मुसलमानांच्या उपासाच्या महिन्यात त्यानेही उपास केला. लोकांत तो खोजा यूसुफ खोरासानी या नावाने वावरे. हिंदूंना मात्र त्याने आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले. तेव्हा त्यांनी आपले खाणेपिणे, व्यवहार व प्रार्थना त्याच्यापासून लपविण्याचे सोडले. त्याच्या प्रवासवर्णनात अरबी-तुर्की शब्दांतील प्रार्थना आहेत. त्यावरून त्याने अखेर धर्म सोडला असे काही अभ्यासक म्हणतात, तर काहींना ते मान्य नाही. मायदेशी परतताना स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच त्याला मरण आले.

नाव परके, उपासाचा महिना परका. मग उरले काय? आम्हांस वाटते, उरली ती तळमळ. आपले सण व उपास हरवले याचा शोक त्याने पुन्हा पुन्हा लिहून ठेवला आहे. ज्याचा विश्वास मेला, तो चुकलेल्या सणासाठी रडत नाही.

तरी यावरून मंडळीवाचून चालते असा अर्थ कोणी काढू नये. नुसत्या तळमळीवर मनुष्याने किती वर्षे काढावीत? एकट्याने वाहण्यास हे ओझे जड आहे, आणि म्हणूनच मंडळी आहे. निकितीनला सणाचा दिवस सांगणारे बीदरमध्ये कोणी नव्हते. आपल्या परगावच्या मुलांविषयी तसे म्हणता येणार नाही. त्यांना आपण आहोत. तेव्हा कोणाचेही नाव मनातून खोडण्याआधी आपण स्वतःस एवढेच विचारावे: गेल्या ईस्टरला आपण त्याला एक पत्र तरी धाडले होते काय?