विचाराच्या कसोटीवर सिनेमा : बर्गसाँ ते रान्सिएर

युरोपीय तत्त्वज्ञानाने सिनेमाबद्दल दिलेला पहिला महत्त्वाचा निवाडा सिनेमाच्या विरोधात गेला. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेत तिकीट लावून चित्रपट दाखवले. त्यानंतर बारा वर्षांनी, १९०७ मध्ये, आंरी बर्गसाँचा ‘सर्जनशील उत्क्रांती’ हा ग्रंथ आला. मानवी बुद्धीची एक जुनी खोड दाखवून देण्यासाठी त्याच्या शेवटच्या प्रकरणात बर्गसाँने या नव्या यंत्राचे उदाहरण घेतले. वास्तव अखंड वाहते. बुद्धी मात्र त्यातून स्थिर क्षण टिपते आणि मागाहून ते क्षण एका कृत्रिम, सगळ्यांना सारख्याच लागू होणाऱ्या गतीत ओवते. चित्रफितीवरही स्थिर चित्रेच असतात आणि गती असते ती ती फीत फिरवणाऱ्या यंत्रात. बाण प्रत्येक क्षणी कुठे तरी स्थिर असतो, म्हणून तो हलतच नाही, असे म्हणणारा झेनो याच खोडीला बळी पडला, असे बर्गसाँचे म्हणणे होते. सिनेमा त्याच्या लेखी या जुन्या चुकीचे यांत्रिक रूप होता. पुढच्या शंभर वर्षांत तत्त्वज्ञांनी सिनेमाविषयी जे लिहिले, त्यातला बराच भाग या आरोपाला दिलेले उत्तर म्हणून वाचता येतो.

दोन महायुद्धांच्या दरम्यान प्रश्न बदलला. गतीपेक्षा गर्दी महत्त्वाची झाली. नाझी राजवटीमुळे परागंदा झालेल्या वाल्टर बेन्यामिनने यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीवर निबंध लिहिला. तो १९३६ मध्ये प्रथम फ्रेंच अनुवादातून छापला गेला. मूळ कलाकृतीला तिच्या एकमेवपणामुळे, तिच्या जागेमुळे आणि परंपरेमुळे एक वलय असते. चित्रपटाच्या हजार प्रती निघतात, त्यांतली मूळ कोणती हा प्रश्नच निरर्थक ठरतो आणि ते वलय विरते. बेन्यामिनने या ऱ्हासाचा शोक केला नाही. वलय विरले की कलेचा पूजाविधीशी असलेला संबंध तुटतो आणि ती राजकारणाच्या कक्षेत येते, ही शक्यता त्याला आशादायक वाटली. कॅमेरा जवळ जातो, गती मंदावतो, आणि रोज पाहूनही न दिसलेले हावभाव समोर आणतो. मनोविश्लेषणाने मनातले अज्ञात उघडे केले, तसे कॅमेऱ्याने दृष्टीतले अज्ञात उघडे केले, हे त्याचे निरीक्षण आजही सर्वांत टिकाऊ आहे. फॅसिझम राजकारणाला सौंदर्याचा साज चढवतो, हा त्याने याच निबंधात दिलेला इशारा त्या काळात किती नेमका होता, हे वेगळे सांगायला नको.

टेओडोर अडोर्नोला ही आशा भाबडी वाटली. मार्च १९३६ मध्ये बेन्यामिनला लिहिलेल्या पत्रातच त्याने बजावले की चित्रपटगृहातल्या हशात क्रांतिकारक असे काही नसते. पुढे अमेरिकेत आश्रय घेतल्यावर त्याने माक्स होर्कहायमरसोबत ‘प्रबोधनाचे द्वंद्व’ लिहिले. ते १९४७ मध्ये ग्रंथरूपाने आले. त्यातल्या संस्कृती-उद्योगावरील प्रकरणानुसार हॉलिवूडचा चित्रपट हा कारखान्यातल्या श्रमाचाच उत्तरार्ध आहे. दिवसभर यंत्रासमोर राबलेला माणूस संध्याकाळी त्याच ठोकळेबाज लयीत करमणूक करून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यंत्रापुढे उभा राहायला तयार होतो. व्यवस्थेचे हे वर्णन भेदक आहे. पण या प्रकरणात एखाद्या दृश्याचे सविस्तर वाचन शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. चित्रपट येतात ते आरोपपत्रातले पुरावे म्हणून. अडोर्नोला सिनेमाची जाण नव्हती असे मात्र नाही. हान्स आइस्लरबरोबर त्याने चित्रपट-संगीतावर पुस्तक लिहिले होते, आणि १९६६ च्या एका छोट्या लेखात तरुण जर्मन दिग्दर्शकांच्या अनघड चित्रपटांमध्ये त्याला मुक्तीची शक्यताही दिसली. तो लेख त्या प्रसिद्ध प्रकरणापेक्षा कितीतरी कमी वाचला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

फ्रान्समध्ये विचार दुसऱ्या वाटेने निघाला. मोरीस मेर्लो-पाँतीने मार्च १९४५ मध्ये पॅरिसच्या चित्रपट-शिक्षणसंस्थेत व्याख्यान दिले. राग ही चेहऱ्यामागे दडलेली, फक्त ज्याची त्यालाच कळणारी गोष्ट नसून तो चेहऱ्यावर, हातवाऱ्यांत, वागण्यातच असतो, हे नव्या मानसशास्त्राचे म्हणणे त्याने सिनेमाला लावले. चित्रपट माणसाचे विचार सांगत बसत नाही, त्याचे वागणे दाखवतो. म्हणून चित्रपटाचा अर्थ आधी डोळ्यांना उमगतो. त्याच वर्षी आंद्रे बाझँचा छायाचित्राच्या सत्तामीमांसेवरचा निबंध प्रसिद्ध झाला. बाझँ व्यवसायाने समीक्षक होता, तरी तत्त्वज्ञांवर त्याचा प्रभाव मोठा आहे. छायाचित्रात वस्तूच प्रकाशाच्या मार्गाने आपला ठसा उमटवते, म्हणून दिग्दर्शकाने वास्तवाचे तुकडे करण्याची घाई करू नये, अशी त्याची भूमिका होती. याच सुमारास रोम आणि बर्लिनच्या उद्ध्वस्त रस्त्यांवर इटालियन नवास्तववाद आकार घेत होता.

मार्टिन हायडेगर या सर्वांपासून दूर राहिला. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एका जपानी अभ्यासकाशी संवादाच्या रूपात लिहिलेल्या लेखनात कुरोसावाच्या ‘राशोमोन’चा विषय निघतो. त्यातली जपानी व्यक्ती म्हणते की दृश्ये कितीही जपानी असोत, कॅमेऱ्यासमोर येताच ते जग वस्तू होऊन बसते. हा आक्षेप गंभीर आहे. हायडेगरने तो पुढे नेला नाही.

बर्गसाँला खरे उत्तर मिळाले ते जिल देल्यूझच्या दोन ग्रंथांत : ‘गतिप्रतिमा’ (१९८३) आणि ‘कालप्रतिमा’ (१९८५). देल्यूझ उत्तर देतो ते बर्गसाँच्याच बाजूने. १८९६ मधल्या ‘द्रव्य आणि स्मृती’ या ग्रंथात बर्गसाँने गती अविभाज्य असल्याचे आणि जग हा प्रतिमांचा समुदाय असल्याचे सांगितले होते. प्रेक्षकाला पडद्यावर स्थिर चित्रे कधी दिसतच नाहीत. त्याला थेट हलते चित्रच दिसते. म्हणजे १९०७ मध्ये सिनेमाला दोषी ठरवणाऱ्या बर्गसाँने अकरा वर्षांपूर्वीच सिनेमाचे तत्त्वज्ञान लिहून ठेवले होते. इतका धाडसी युक्तिवाद पचतो, कारण देल्यूझ तो चित्रपटांवर पडताळून पाहतो.

त्याच्या मते दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा सिनेमा प्रामुख्याने कृतीवर चालतो. माणूस परिस्थिती पाहतो, तिने ढवळून निघतो, काही करतो आणि परिस्थिती बदलते. काळ या कृतींच्या मागे मागे येतो. युद्धानंतर ही साखळी तुटते. दे सिकाच्या ‘उंबेर्तो डी.’ (१९५२) मध्ये तरुण मोलकरीण सकाळी स्वयंपाकघरात येते, शेगडी पेटवते, भिंतीवरच्या मुंग्या पाण्याने घालवते, कॉफी दळते, आणि तिची नजर स्वतःच्या गर्भार पोटाकडे जाते. कथा पुढे सरकत नाही. सरावाची कामे उरकत असताना जिला उत्तर नाही अशी परिस्थिती तिच्यासमोर उभी राहते. रोसेलिनीच्या ‘युरोपा ५१’ मधली श्रीमंत बाई कारखाना पाहते आणि तिथले कामगार तिला कैद्यांसारखे वाटतात. त्यानंतर तिला पूर्वीसारखे जगता येत नाही. करणारा माणूस इथे पाहणारा होतो. आणि कृती थांबली की काळ स्वतःच दिसू लागतो, हा देल्यूझचा मुख्य सिद्धान्त. तो दृश्ये मोठ्या तपशिलाने उलगडतो.

जाक रान्सिएरने २००१ मधल्या ‘सिनेमाची कथा’ या ग्रंथात या मांडणीची कमजोर बाजू दाखवली. महायुद्ध ही इतिहासातली घटना. प्रतिमेच्या स्वरूपातला बदल ही तात्त्विक गोष्ट. एकीतून दुसरी कशी निघते, हे देल्यूझ सांगत नाही. शिवाय ब्रेसाँसारख्या दिग्दर्शकाचे चित्रपट दोन्ही ग्रंथांत येतात, तेव्हा सीमारेषा पुसट होते. रान्सिएरच्या मते कथा आणि निव्वळ दृश्य यांची ओढाताण सिनेमात पहिल्यापासूनच आहे. हा आक्षेप मान्य करावाच लागतो. मात्र त्याने देल्यूझचा कालखंडांचा आराखडा कोसळतो, दृश्यांचे वाचन कोसळत नाही. त्याच वर्षी झाँ-ल्यूक नान्सीने एकट्या अब्बास कियारोस्तामीवर पुस्तक लिहिले आणि इराणच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या मोटारीतून पाहण्याच्या कृतीचा विचार केला. तत्त्वज्ञाने एकाच दिग्दर्शकापाशी एवढा वेळ थांबणे ही विसाव्या शतकाच्या आरंभी कल्पनेतही न येणारी गोष्ट होती.

या लेखनाचे मोल ठरवताना चित्रपट किती बारकाईने पाहिला गेला, हाच निकष सर्वांत विश्वासार्ह ठरतो. बर्गसाँने यंत्र पाहिले, अडोर्नोने उद्योग पाहिला. बेन्यामिन, बाझँ आणि देल्यूझ यांनी पडदा पाहिला, म्हणून त्यांचे सिद्धान्त वादग्रस्त ठरूनही वाचले जातात. देल्यूझचे दोन ग्रंथ कठीण आहेत. ते हाती घेणाऱ्या वाचकाने आधी ‘उंबेर्तो डी.’ पाहावा आणि मग ‘कालप्रतिमा’चे पहिले प्रकरण वाचावे.