हरू न देणारी मदत

मे १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे कमांडो अंगोलाच्या कॅबिंडा प्रांतात शिरले. मलोंगोचे तेलकेंद्र उडवून द्यायचा त्यांचा बेत फसला आणि त्यांचा कॅप्टन पकडला गेला. ते तेल काढत होती एक अमेरिकी कंपनी. तिने भरलेल्या पैशावर लुआंडातले मार्क्सवादी एमपीएलए सरकार चालत होते आणि कॅबिंडाच्या राखणीला होते क्यूबाचे सैनिक. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने अंगोलातल्या बंडखोरांना मदत देण्यावरची बंदी उठवली. जानेवारी १९८६ मध्ये या बंडखोरांच्या युनिटा संघटनेचा नेता जोनास साविंबी व्हाइट हाउसमध्ये रेगन यांना भेटला आणि पाठोपाठ युनिटाला स्टिंगर क्षेपणास्त्रे मिळाली. अमेरिकेचा पैसा असा दोन्ही छावण्यांत पोहोचत होता.

भांडण परक्यांनी लावले, असे मी म्हणणार नाही. एमपीएलए आणि युनिटा यांचे वैर नोव्हेंबर १९७५ च्या स्वातंत्र्याआधीचेच. पण एरवी यादवीत एक बाजू थकते. दाणागोटा संपतो, पोरे लढायला यायची थांबतात, मग नेत्याला तडजोड करावी लागते. अंगोलात ही वेळ आली की जहाज धक्क्याला लागे किंवा विमान उतरे. क्विटो क्वानावालेच्या लढाईत, १९८७-८८ मध्ये, सरकारच्या बाजूला सोव्हिएत शस्त्रे आणि क्यूबन फौज, युनिटाच्या बाजूला दक्षिण आफ्रिकेच्या तोफा. मदत बाहेरून येत राहिली की नेत्याला स्वतःच्या लोकांची मर्जी राखावी लागत नाही. मला या साऱ्यातले सर्वांत मोठे पाप हेच वाटते.

डिसेंबर १९८८ मध्ये न्यूयॉर्कला अंगोला, क्यूबा आणि दक्षिण आफ्रिका यांनी करारावर सह्या केल्या. त्यातून दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातला नामिबिया स्वतंत्र झाला. ते यश मोठे होते आणि त्यात क्यूबाचा वाटा नाकारता येणार नाही. पण त्या कागदावर युनिटाची सहीच नव्हती. शेवटचा क्यूबन सैनिक मे १९९१ मध्ये परतला, दुसऱ्या वर्षी निवडणूक झाली, साविंबीने निकाल धुडकावला आणि रणधुमाळी पुन्हा पेटली. बाहेरचा रसदपुरवठा आटला होता, तरी सरकारकडे तेल होते आणि युनिटाकडे हिरे. लोकांना न विचारता लढायची सवय दोघांनाही आता पक्की झाली होती.

फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबी मारला गेला आणि ४ एप्रिलला दोन्ही सैन्यांनी शस्त्रसंधी केली. तोवर लाखो माणसे मेली होती. ज्यांनी शस्त्रे पुरवली त्यांची शहरे शाबूत राहिली. अंगोलातल्या हुआंबोच्या पठारावर मात्र लढाई थांबल्यावरही बायांना मक्याच्या शेताकडे जाताना, सुरुंग काढलेली वाट कोणती, हे आधी विचारून घ्यावे लागत होते.